घरचा कॅमेरा बदलावा काय?

नवशिक्याच्या हाती शोभेल असा एखादा साधा कॅमेरा पुष्कळ घरांत असतो. पाचसहा वर्षे त्याने निमूटपणे चाकरी केलेली असते. मुलाचे बारसे, मुलीचा शाळेचा पहिला दिवस, दिवाळीतला किल्ला, एका गावाहून दुसऱ्या गावी झालेल्या बदलीचा निरोपसमारंभ, हे सारे त्याच्याच पोटातून बाहेर आलेले असते. मग केव्हातरी एखाद्या सहकाऱ्याच्या गळ्यात नवा, वजनदार कॅमेरा दिसतो, त्याने काढलेली चित्रे पाहण्यात येतात, आणि मनात प्रश्न उभा राहतो की आपलाही आता बदलावा काय?

वरवर पाहता हा प्रश्न बाजारहाटाचा आहे. दुकानदार त्याचे उत्तर तत्काळ देतो आणि ते नेहमी एकच असते. मित्रमंडळींचा सल्लाही बहुधा त्यांनी स्वतः जे घेतले त्याच्या समर्थनार्थच असतो. आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधण्याआधी इतिहासात शोधावे. हा प्रश्न काही आपल्याच पिढीला प्रथम पडलेला नाही. छायाचित्रणाची कला जन्मास आल्यापासून प्रत्येक पिढीने तो या ना त्या रूपाने विचारला आहे, आणि प्रत्येक नव्या यंत्राने घरगुती चित्रांना काय दिले व काय दिले नाही, याचा जमाखर्च आज मांडता येण्याजोगा आहे.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्यांना तर हा जमाखर्च अधिक अगत्याचा आहे. ज्यांचे घर एकाच गावी पिढ्यान्‌पिढ्या उभे असते त्यांच्या आठवणी भिंतींना, ओट्याला, परसातल्या विहिरीला चिकटलेल्या असतात. बदलीच्या माणसास ती सोय नाही. मुलाचा जन्म एका प्रांतात, मुंज दुसऱ्यात, शालान्त परीक्षा तिसऱ्यात. आणि आजी-आजोबा कोकणात किंवा देशावर, वर्षातून एकदा रजेत भेटणारे. सरकारी निवासस्थान सोडताना किल्ली परत करावी लागते आणि त्या घराशी असलेला संबंध तिथेच संपतो. अशा कुटुंबाची खरी वास्तू म्हणजे त्याची फोटोंची पेटी. ती कशी भरावी, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे लुई दागेर याची कृती जाहीर करण्यात आली. फ्रेंच सरकारने त्याला निवृत्तिवेतन देऊन ती लोकांस खुली केली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे हे चित्र विलक्षण बारकाव्याचे असे. परंतु प्रारंभी त्यासाठी कित्येक मिनिटे प्रकाश द्यावा लागे. माणसाची मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आकड्याचा आधार देण्याची पद्धत पडली. मोठ्या माणसाने हे सोसलेही असते, पण तान्हे मूल कित्येक मिनिटे स्थिर राहत नाही. म्हणजे ज्या चित्राची घराला सर्वांत अधिक आस, नेमके तेच या पहिल्या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहिले.

१८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. प्रकाश देण्याचा अवधी सेकंदांवर आला आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. मात्र काचेला लेप लावणे, चित्र घेणे व ती धुणे हे सारे लेप ओला आहे तोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, उरकावे लागे. छायाचित्रकार जेथे जाईल तेथे काळोखाची खोली, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी घेऊन जाई. हिंदुस्थानात ही विद्या लवकर पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कारभारी मंडळात होते व स्वतः कुशल छायाचित्रकार होते. त्याच काळात हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय चालविला. पण या काळी कॅमेरा घरात येत नसे. घरच सजूनधजून कॅमेऱ्याकडे जाई. वडीलधारी खुर्च्यांवर, मुले पुढे जमिनीवर, मागे पडद्यावर रंगविलेले खांब व बाग, असा जो थाट जुन्या कुटुंबचित्रांत दिसतो, तो त्या घराचा नसून स्टुडिओचा आहे.

याच काळातील एका सरकारी नोकराची हकीकत आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतेजवळच्या सरधना येथे झाला. रूडकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण घेऊन ते १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रके व नकाशे करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी छायाचित्रणाचाच व्यवसाय पत्करला, सिकंदराबादेस व १८९६ साली मुंबईस स्टुडिओ काढले, आणि सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारी नेमून ‘राजा’ हा किताब दिला.

नकाशाकार नकाशे बाजूस ठेवून राजा झाला, ही गोष्ट रम्य आहेच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एक बारीक घटना अधिक महत्त्वाची वाटते. १८९२ साली दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानात केवळ स्त्रियांसाठी एक स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिले. उत्तम भिंगे, उत्तम काचा, निष्णात हात हे सारे दीनदयाळांपाशी तत्पूर्वीही होते. तरीही पडद्यातील स्त्रियांचे चित्र त्यांच्या यंत्रात उमटत नव्हते, कारण अडचण यंत्राची नव्हती. ज्याच्यापुढे त्या निःसंकोच बसतील असे माणूस कॅमेऱ्यामागे नव्हते. ते माणूस मिळाले आणि चित्रे निघू लागली. चित्र हुकते तेव्हा दोष यंत्राचा की आणखी कशाचा, हे आधी पाहावे, हा धडा दीनदयाळांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिला.

इकडे दीनदयाळ इंदुरास चित्रे काढीत असताना अमेरिकेत रॉचेस्टर गावी एका बँकेतला जॉर्ज ईस्टमन नावाचा तरुण कारकून सहलीस जाण्याच्या बेतात होता. सहलीची चित्रे काढावीत म्हणून त्याने ओल्या काचांचा सगळा सरंजाम विकत घेतला, पैसे देऊन शिकवणीही लावली, आणि हे लटांबर पाहून तो थक्क झाला. सहल राहिलीच, पण ते ओझे हलके करण्याचा ध्यास त्याला लागला. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने सुचविलेल्या कोरड्या काचेचा आधार घेऊन त्याने कारखाना काढला आणि १८८८ साली ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर; आत शंभर चित्रांची गुंडाळी; चित्रे गोल, अडीच इंच व्यासाची. शंभर चित्रे झाली की कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. दहा डॉलरांत चित्रे आणि नव्या गुंडाळीसह कॅमेरा परत येई. १९०० साली त्याच कारखान्याने ‘ब्राउनी’ काढला. पुठ्ठ्याची पेटी, एकच साधे भिंग, किंमत एक डॉलर. पहिल्या वर्षातच त्याचे एक लाखाहून अधिक नग खपले.

ब्राउनीचे चित्र दीनदयाळांच्या काचेवरील चित्राशेजारी ठेवले तर ते गरीबच दिसेल. कडा मऊ, बारकावा थोडा, ढगाळ दिवशी सारेच अंधूक. गुणवत्तेच्या मापाने पाहता छायाचित्रणाने येथे एक पाऊल मागे टाकले. परंतु घरगुती चित्रांचा खरा आरंभ येथूनच होतो, कारण कॅमेरा प्रथमच मुलांच्या व बायकांच्या हाती आला आणि स्टुडिओच्या रंगीत पडद्याऐवजी मागे घरचे अंगण दिसू लागले. घरगुती छायाचित्रणातील सर्वांत मोठी सुधारणा ही अधिक चांगल्या यंत्राने नव्हे, तर अधिक साध्या यंत्राने घडवून आणली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

साध्या यंत्रातून काय निपजू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि तेही आपल्यासारख्याच परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबातले. काशीजवळ रामनगर येथे राहणाऱ्या एका बंगाली गृहस्थांना छायाचित्रणाची हौस होती. १९१९ साली जन्मलेल्या आपल्या जुळ्या मुलींना, मनोबीना व देबलीना यांना, त्यांनी बाराव्या वाढदिवसाच्या सुमारास साधे पेटी-कॅमेरे दिले आणि त्या शास्त्राचे पाठही दिले. या दोघी बहिणींनी पुढे आयुष्यभर छायाचित्रे काढली. मनोबीना या दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी म्हणून मुंबईस आल्या. घरची माणसे, मुलेबाळे आणि वाटेत दिसलेली माणसे यांची त्यांनी टिपलेली चित्रे आज भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने उल्लेखिली जातात. पेटी-कॅमेरा तर पुष्कळांना मिळाला असेल. या मुलींना त्याच्याबरोबर शिकविणारा माणूस मिळाला, आणि मुलीच्या हाती कॅमेरा द्यावा अशी बुद्धी असलेले घर मिळाले.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल की आम्ही नव्या यंत्राचे शत्रू आहोत. तसे मुळीच नाही. यंत्र बदलणे ज्यास अपरिहार्य होते अशा एका थोर पुरुषाचे उदाहरण मराठी माणसास ठाऊकच आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले आणि गोध्र्यास काही काळ फोटोचा धंदा केला. साधा कॅमेरा त्यांच्या हातात मुरलेला होता. पण हालते चित्र त्यातून निघणे अशक्य होते. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी प्रथम कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, ती दाखवून भांडवल उभे केले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. विम्याची पॉलिसी गहाण टाकणे हा अविचार ठरला नाही, कारण आपणास कोणते चित्र हवे आहे आणि हातातील यंत्र ते का देऊ शकत नाही, हे फाळक्यांना नेमके ठाऊक होते. यंत्र बदलण्याचा अधिकार या ज्ञानाने येतो.

पुढची मोठी सुधारणा वजनाची. जर्मनीतील वेट्झलर येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार असल्याने जड काचांचा कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यास झेपेना. सिनेमाची फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्याने तयार केला, आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने विक्रीस आला. त्याच्या चित्राचे माप २४ गुणिले ३६ मिलिमीटर. आज ज्या महागड्या कॅमेऱ्यांना ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्यांचे माप तेच आहे. बार्नाकला यंत्र बदलावेसे वाटले ते अधिक मोठे हवे म्हणून नव्हे, जवळ बाळगता येईल असे हवे म्हणून.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. १९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई निर्माण झाली आणि आयातीवर कडक बंधने आली. परदेशी कॅमेरा ही परदेशाहून येणाऱ्या आप्ताकडून मिळवावयाची वस्तू होऊन बसली. १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पुढे बंद पडला. आणि बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आगफा ‘क्लिक थ्री’ हा कॅमेरा देशातच बनविला. साठ व सत्तर सालच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांतील पहिला कॅमेरा बहुधा हाच असे. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. भिंग एकाच अंतरावर बसविलेले. फिरवावयाची खूण ऊन की ढग एवढीच. रोल महाग म्हणून तो दिवाळीत घालावा आणि शेवटची दोन चित्रे मे महिन्याच्या रजेत काढून मगच धुवायला द्यावा, असा मितव्यय सर्वत्र होता.

त्या काळचा एखादा अल्बम वाचकांनी उघडून पाहावा. जवळजवळ सारी चित्रे अंगणात, गच्चीवर किंवा देवळाबाहेर काढलेली आढळतील. उन्हाने डोळे बारीक झालेले, माणसे दहा-बारा फुटांवर ओळीने उभी. या अल्बमवरून एखाद्या इतिहासकाराने आपले जीवन लिहावयाचे म्हटले तर तो लिहील की हे लोक घराबाहेरच राहत. चुलीपुढची आजी नाही, देवघर नाही, कंदिलाच्या उजेडात अभ्यासाला बसलेली भावंडे नाहीत, पाळण्यात निजलेले मूल नाही. हे सारे का नाही? खोलीत रात्री दिव्याचा जो प्रकाश असतो तो दुपारच्या उन्हाच्या सुमारे हजारावा भाग असतो, आणि त्या साध्या भिंगास तेवढा पुरत नसे. फ्लॅशचे दिवे मिळत. पण ते एकदाच जळणारे व महाग. म्हणजे येथे मात्र यंत्राच्या मर्यादेने आपल्या घराच्या इतिहासाचा अर्धा भाग, आणि तोही स्त्रियांचा वावर असलेला आतला भाग, कायमचा पुसून टाकला. कॅमेरा बदलणे ज्यांना त्या काळी शक्य होते व ज्यांनी बदलला, त्यांच्या अल्बममध्ये स्वयंपाकघर आले. हा लाभ खरा आहे व तो नाकारणे अन्यायाचे होईल.

यानंतरची प्रगती वाचकांच्या परिचयाची आहे. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने आपोआप नेम धरणारा कॅमेरा विक्रीस आणला. १९७५ सालीच कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारे यंत्र तयार केले होते. त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक, चित्रात ठिपके केवळ दहा हजार, आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. २००३ साली कॅनन कंपनीने ६३ लाख ठिपक्यांचा, भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरांच्या आत दिला, आणि ‘नवशिक्याचा कॅमेरा’ ही आजची जात जन्मास आली. आता तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि तो एकामागून एक अनेक चित्रे क्षणात टिपून त्यांचे एक चित्र करतो.

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्यापाशी असा नवशिक्याचा कॅमेरा आहे, त्याने तो बदलून मोठा घ्यावा काय? इतिहासाने तीन कसोट्या हाती दिल्या आहेत.

पहिली कसोटी फाळक्यांची: हुकलेल्या चित्राचे नाव सांगता येते काय? ‘चित्रे तितकी छान येत नाहीत’ हे नाव नव्हे. ‘मुलगी रंगमंचावर नाचत होती आणि सगळी चित्रे हलली’, ‘बाळाला मांडीवर घेतलेली आजी अंधूक आली’ ही नावे होत. अशी दोन-तीन नावे कागदावर लिहिता येत नसतील तर नव्या यंत्राने ती चित्रे मिळणार नाहीत, कारण कोणती मिळवावयाची हेच ठरलेले नाही.

दुसरी कसोटी दीनदयाळांची: दोष नेमका कशाचा? घरातील मंद प्रकाशाचा असेल तर थोडे गणित करू. नवशिक्याच्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या भिंगाचे तोंड, दूरचे जवळ आणताना, बहुधा ५.६ या आकड्यापाशी थांबते. पन्नास मिलिमीटरचे एक साधे, न सरकणारे भिंग मिळते; त्याचा आकडा १.८. हा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, आणि या दोहोंतील फरकाने आत येणारा प्रकाश सुमारे दहापट होतो. याउलट भिंगाचा तोच जुना आकडा ठेवून लायकाच्या मापाचा मोठा कॅमेरा घेतला, तर चित्रपटलाचे क्षेत्रफळ वाढल्याने लाभ होतो तो सव्वादोन ते अडीचपट. आणि हे लहान भिंग सामान्यतः मोठ्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या अल्पांशात येते. म्हणजे अंधारावर उपाय हवा असेल तर आधी भिंग बदलावे, कॅमेरा मागाहून. खिडकीशी बसविण्याचा उपाय तर फुकटच आहे.

ठिपक्यांच्या संख्येला भुलू नये. चार इंच गुणिले सहा इंचांच्या छापील चित्रास, इंचाला तीनशे ठिपके धरले तरी, साडेएकवीस लाखांच्या जवळपास ठिपके पुरतात. ते २००३ सालच्या कॅमेऱ्यातही भरपूर होते. दोष कॅमेरा जड म्हणून कपाटातच राहतो हा असेल, तर त्याहून जड कॅमेरा घेणे हा उपाय कसा होईल? तेथे बार्नाकचे स्मरण करून अधिक हलका घ्यावा, किंवा फोनवरच संतोष मानावा. पण मूल धावत असते, खेळत असते आणि बटण दाबल्यावर कॅमेरा विचार करीत बसतो, नेम धरीपर्यंत क्षण निघून जातो, हा अनुभव वारंवार येत असेल आणि शिकून, सराव करूनही तो टळत नसेल, तर मात्र यंत्र बदलण्यास कारण आहे. तेथे काटकसर करण्यात शहाणपण नाही, कारण मुलाचे पाचवे वर्ष पुन्हा येत नाही.

तिसरी कसोटी जतनाची, आणि तिच्यात आपण बहुतेक सारे कमी भरू. गेल्या पाच वर्षांतील चित्रे कोठे आहेत? १९६० च्या सुमाराचे कृष्णधवल चित्र, चांदीच्या कणांनी बनलेले, पुष्कळ घरांत अजून ठसठशीत आहे. सत्तरच्या दशकातील रंगीत चित्रे तांबूस पडत चालली आहेत, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये लावलेली तर काढताना फाटतात. त्यानंतरची डिजिटल चित्रे एखाद्या बंद पडलेल्या संगणकात, हरवलेल्या फोनमध्ये किंवा कोणत्या पेटीत आहे हे न आठवणाऱ्या तबकडीवर आहेत. ज्या कोडॅक कंपनीने घराघरात कॅमेरा नेला, तिनेच २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. तिच्या ‘कोडाक्रोम’ या प्रसिद्ध रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ साली बंद झाले आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस थांबली. कंपन्या जातात, पद्धती जातात. छापून, पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवलेले चित्र राहते. बदलीच्या माणसास हे लिहिणे दुप्पट अगत्याचे, कारण पंचवीस वर्षांनी मागील भिंत पाहून ते जबलपूर की रायपूर हे त्यालाही सांगता येणार नाही. मुलांना तर नाहीच.

या तीन कसोट्यांखेरीज एक गोष्ट अशी आहे की जी कोणत्याही यंत्राने आजवर सुधारलेली नाही. अल्बम चाळला असता घरातील एक माणूस त्यात क्वचितच आढळते, ते म्हणजे कॅमेरा धरणारे. पूर्वी ते बहुधा वडील असत. हल्ली पुष्कळ घरांत ती आई असते. मुलांच्या शेकडो चित्रांत आईचे एकही नसावे, ही स्थिती महागड्या कॅमेऱ्याने अधिकच बिघडते, कारण ‘तुला हा जमणार नाही’ म्हणून तो दुसऱ्याच्या हाती दिलाच जात नाही. घरातील दहा वर्षांच्या मुलीला जो कॅमेरा निर्धास्तपणे देता येतो, तो त्या घरापुरता चांगला कॅमेरा, असे आम्ही मानतो.

तेव्हा आमचा सल्ला असा. वर्षभर हुकलेल्या चित्रांची यादी ठेवा. त्या अवधीत आहे त्या कॅमेऱ्याला एक मोठ्या तोंडाचे भिंग जोडा आणि निवडक शंभर चित्रे छापून, मागे मजकूर लिहून, एक संच गावी आईवडिलांकडे पाठवा. वर्षाअखेर यादीतील चित्रे अद्याप हुकतच असतील तर खुशाल नवा कॅमेरा घ्या. तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांची आई सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे त्यांनी एका कामासाठी वर्षाचीही वाट पाहू नये. येत्या रजेत जो कॅमेरा हाती असेल तो घेऊन गावी जावे, सकाळच्या वेळी तिला खिडकीपाशी बसवावे, जवळ जाऊन चित्र घ्यावे. आणि मग कॅमेरा मुलाच्या हाती देऊन आपण तिच्या शेजारी बसावे.